‘ब्रेक फेल’च्या पुढचा प्रश्न

अपघाताची बातमी हल्ली कारण बरोबर घेऊनच येते. जखमींना अजून रुग्णालयात न्यायचं असतं, पंचनामा व्हायचा असतो, चालकाचा जबाब लिहिलेला नसतो. पण ‘ब्रेक फेल झाल्याने’ हे शब्द तोवर गावभर झालेले असतात. ९ डिसेंबर २०२४ च्या रात्री कुर्ला पश्चिमेला बेस्टच्या ताफ्यातली विजेवर चालणारी बस गर्दीत घुसली. किमान सात माणसं गेली, कित्येक जखमी झाली, आणि पहिल्या काही तासांत जो तो ब्रेकचंच नाव घेत होता. पुढे तपासणीत बसचे ब्रेक चालू निघाले आणि अशी बस चालवण्याचं शिक्षण चालकाला कितपत मिळालं होतं, याकडे चौकशी वळली. त्याआधी २० नोव्हेंबर २०२२ ला पुण्याच्या नवले पुलावर एका मालवाहू गाडीने ४८ वाहनांचं नुकसान केलं. तिथेही सुरुवात ‘ब्रेक फेल’नेच झाली. प्राथमिक तपासात निघालं ते वेगळंच: कात्रजच्या बोगद्याकडून येणाऱ्या लांब उतारावर डिझेल वाचवण्यासाठी इंजिन बंद करून गाडी सोडून दिली होती. ४ जुलै २०२३ ला मुंबई-आग्रा महामार्गावर धुळे जिल्ह्यातल्या पळासनेरजवळ कंटेनर रस्त्याकडेच्या हॉटेलात घुसला, किमान दहा जण दगावले. सांगितलं गेलेलं कारण पुन्हा तेच. तीन घटना, तीन वेगळ्या तऱ्हेच्या गाड्या, तीन वेगळे रस्ते, आणि सगळ्यांवर चिकटवलेली एकच चिठ्ठी. मृत्यूच्या दाखल्यावर ‘हृदय बंद पडलं’ एवढंच लिहावं तसा हा प्रकार आहे. ते खोटं नसतं, पण त्यातून कळतही काही नाही.

या लेखाचं म्हणणं साधं आहे. ब्रेक ही एक वस्तू नाही, पंधरा-वीस भागांची साखळी आहे. त्यातला बहुतेक प्रत्येक भाग निकामी होण्याआधी काही दिवस, कधी काही महिने, आवाजाने, वासाने, कंपनाने किंवा पायाखालच्या बदललेल्या स्पर्शाने सूचना देत असतो. म्हणून ‘ब्रेक फेल झाला’ हे ऐकल्यावर चौकशी संपायला नको. कोणता भाग, कशाने, आणि त्याची सूचना कोणी ऐकली नाही, हे तीन प्रश्न तिथून सुरू व्हायला हवेत. आपल्याकडे ते सुरू होत नाहीत याची कारणं तांत्रिक कमी आणि व्यवस्थेची जास्त आहेत, हे खालच्या आढाव्यात दिसेल.

हा प्रश्न तपासायला मुंबईच्या उपनगरांत कांजूरमार्गइतकी सोयीची जागा दुसरी नसेल. पश्चिमेला लालबहादूर शास्त्री मार्ग, पूर्वेला पूर्व द्रुतगती महामार्ग, आणि या दोघांना जोडत पवईच्या उंचीवरून खाडीच्या पातळीकडे उतरणारा जोगेश्वरी-विक्रोळी जोडरस्ता. खाडीलगतच्या क्षेपणभूमीकडे महापालिकेच्या कचरागाड्या रात्रंदिवस जातात. कचरा उचलताना दर पन्नास पावलांवर थांबायचं आणि मग भरलेल्या पोटाने महामार्ग धरायचा, असा त्यांचा दिनक्रम. मेट्रो ४ आणि मेट्रो ६ या दोन्ही मार्गांच्या कामांमुळे काँक्रीटचे मिक्सर आणि डंपर इथे वर्षानुवर्षं फिरताहेत. स्टेशनबाहेरून पवईकडे चढणाऱ्या शेअर रिक्षा भरून वर जातात आणि भरून खाली येतात. शेजारच्या मिठागरांची खारी, दमट हवा लोखंडाला सोडत नाही, आणि जूनपासून चार महिने चाकं पाण्यातच असतात. म्हणजे ब्रेकला जे जे सोसत नाही, उष्णता, ओल, मीठ, धूळ आणि सततचं थांबणं, ते सगळं इथे एका चौकात भेटतं. गांधीनगरच्या सिग्नलला उभ्या असलेल्या गाड्यांमध्ये रिक्षाचे ड्रम ब्रेक, स्कूटरचा डिस्क, मोटारीचा व्हॅक्यूम बूस्टर, डंपरचे एअर ब्रेक आणि विजेच्या बसचं मोटरनेच वेग खाणारं ब्रेकिंग, असा या शास्त्राचा अख्खा इतिहास रांगेत असतो.

मोटारीपासून सुरुवात करू, कारण तिचं गणित सर्वांत सोपं. पायाने पेडल दाबलं की बूस्टर त्या दाबाला हातभार लावतो, मास्टर सिलिंडर तो दाब ब्रेक ऑइलमधून पाइपांनी चारही चाकांपर्यंत नेतो, आणि तिथे कॅलिपर पॅडला डिस्कवर किंवा व्हील सिलिंडर लायनरला ड्रमवर रेटतो. द्रव दाबला जात नाही, या एकाच गुणावर हे सगळं उभं आहे. आणि इथेच मुंबईची हवा आडवी येते. नेहमीचं ब्रेक ऑइल पाणी शोषून घेतं; झाकण बंद असलं तरी रबरी नळ्यांतून आणि टाकीच्या श्वासछिद्रातून ओल आत शिरत राहते. ‘डॉट ४’ प्रतीचं नवं ऑइल किमान २३० अंश सेल्सिअसला उकळायला हवं असा निकष आहे. त्यात पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी मुरलं की किमान निकष १५५ अंशांवर येतो. ‘डॉट ३’चे हेच आकडे २०५ आणि १४०. लांब उतारावर चाकाजवळचं ऑइल इतकं तापणं अशक्य नाही. ते उकळलं की पाइपात वाफेचे बुडबुडे होतात, बुडबुडा दाबला जातो, आणि पेडल लोण्यात सुरी जावी तसं खाली जातं. गाडी थंड झाल्यावर वाफ पुन्हा द्रवात बदलते, ब्रेक पूर्ववत लागतो, आणि दुसऱ्या दिवशी तपासायला आलेल्या माणसाला काहीच सापडत नाही. ‘अचानक फेल झाला आणि आपोआप बरा झाला’ अशा बऱ्याच कथांच्या मुळाशी दोन वर्षांहून जुनं ऑइल असू शकतं. दोन वर्षांनी ते बदलावं असं बहुतेक उत्पादक सांगतात. प्रत्यक्षात ते बदलण्याऐवजी वरून ओतलं जातं.

हे वरून ओतणं हा आपल्या गॅरेज-संस्कृतीतला सर्वांत निरुपद्रवी दिसणारा आणि म्हणूनच सर्वांत घातक रिवाज आहे. टाकीतली पातळी खाली गेली याचे अर्थ दोनच: कुठेतरी गळती आहे, किंवा पॅड इतके झिजले आहेत की कॅलिपरचा पिस्टन पुढे सरकून ऑइलने त्याच्यामागची जागा भरली आहे. दोन्ही वेळा डॅशबोर्डवरचा लाल दिवा खरं बोलत असतो. पन्नास-शंभर रुपयांचं ऑइल ओतून आपण तो दिवा विझवतो, दोष तसाच राहतो. त्यातही इंजिन ऑइल किंवा पॉवर स्टिअरिंगचं तेल चुकून ओतलं गेलं तर मास्टर सिलिंडरपासून व्हील सिलिंडरपर्यंतचे सगळे रबरी वॉशर फुगतात आणि अख्खी यंत्रणा बदलावी लागते.

पेडलची भाषा समजून घेणं याहून सोपं आहे, आणि त्यासाठी हत्यार लागत नाही. पेडल स्पंजासारखं मऊ लागत असेल तर पाइपात हवा किंवा वाफ आहे. हवा काढावी लागेल, पण ती आत कुठून शिरली हे शोधल्याशिवाय नुसती काढण्यात अर्थ नाही. सिग्नलला पाय स्थिर दाबून धरला असताना पेडल हळूहळू खाली बसत असेल आणि बाहेर कुठे तेलाचा थेंबही नसेल, तर मास्टर सिलिंडरच्या आतले वॉशर दाब मागे सोडताहेत. हे लक्षण फार फसवं, कारण जोरात मारलेला ब्रेक तेव्हाही व्यवस्थित लागतो. पहिल्या दाबाला पेडल खोल जाऊन दुसऱ्या-तिसऱ्याला वर येत असेल तर मागच्या ड्रममध्ये लायनर आणि ड्रम यांतलं अंतर वाढलं आहे. पेडल दगडासारखं कठीण होऊन गाडी थांबत नसेल तर संशय बूस्टरवर किंवा त्याच्या व्हॅक्यूमच्या नळीवर घ्यावा. त्याची चाचणी घरच्या आवारातही होते: इंजिन बंद ठेवून चार-पाच वेळा पेडल मारायचं, मग दाबून धरून इंजिन सुरू करायचं. पेडल पायाखाली थोडं आत गेलं तर बूस्टर जिवंत आहे.

गाडी एका बाजूला खेचणं हे लक्षण लोक अलाइनमेंटच्या नावावर टाकतात. टायरमधली हवा सारखी असूनही ती फक्त ब्रेक मारतानाच खेचत असेल, तर एका चाकाचा कॅलिपर जाम आहे, त्याच्या सरकत्या पिना गंजून अडकल्या आहेत, किंवा लायनरवर तेल-ग्रीस आलं आहे. कांजूर-भांडुपच्या खाऱ्या हवेत आणि पावसाळी पाण्यात पिना अडकणं हे ओघानेच आलं. प्रवास संपल्यावर चारही चाकांजवळ हात नेऊन बघितला, टेकवला नाही तरी चालेल, तर जाम झालेलं चाक उष्णतेनेच ओळखू येतं. कधी कधी आधी नाकालाच कळतं. ब्रेक मारताना स्टिअरिंग थरथरलं तर डिस्कची जाडी सगळीकडे सारखी राहिलेली नाही. बारीक, किरट्या आवाजाची किंचाळी हा पुष्कळदा पॅडवरच्या पत्र्याच्या पट्टीचा आवाज असतो; पॅड संपत आला की ती डिस्कला घासावी, अशी मुद्दाम बसवलेली. ती ऐकूनही गाडी चालू ठेवली तर पुढचा आवाज खरखरीचा, म्हणजे लोखंडावर लोखंडाचा, आणि मग पॅडबरोबर डिस्कचाही खर्च. याउलट रात्रभर पावसात उभ्या राहिलेल्या गाडीने सकाळी पहिल्या दोन-चार ब्रेकला खरखर केली तर घाबरायला नको, डिस्कवरचा ताजा गंज निघतो आहे इतकंच. आणि एबीएस असलेल्या गाडीत ओल्या रस्त्यावर जोरात ब्रेक दाबल्यावर पेडल पायाखाली धडधडतं तो दोष नसून यंत्रणा काम करत असल्याची खूण आहे. नेमका तेव्हाच घाबरून पाय उचलणारे चालक कमी नाहीत.

अवजड गाड्यांची गोष्ट वेगळी, आणि ‘ब्रेक फेल’ या शब्दांनी सर्वांत जास्त झाकली जाते ती हीच. एअर ब्रेकविषयी सर्वसाधारण समजूत अशी की हवा गेली म्हणजे ब्रेक गेला. आजच्या ट्रकमध्ये घडतं त्याच्या बरोबर उलट. मागच्या चाकांच्या ब्रेक चेंबरमध्ये ताकदवान स्प्रिंग असते. हवेचा दाब तिला मागे रेटून धरतो. दाब गेला की स्प्रिंग सुटते आणि ब्रेक लागतो, गाडी जागीच अडकते. ही कल्पना रेल्वेकडून आलेली आहे. जॉर्ज वेस्टिंगहाऊसने १८७० च्या दशकात आणलेल्या स्वयंचलित एअर ब्रेकचं तत्त्वच असं होतं की नळी तुटली, डबा सुटला, तर गाडी आपोआप थांबावी. मग उतारावरचा ट्रक थांबत का नाही? बहुतेक वेळा उत्तर उष्णतेत असतं. लोणावळ्याहून खोपोलीकडे बोरघाट उतरताना गाडी साडेपाचशे मीटरच्या आसपास खाली येते. २५ टनांच्या गाडीच्या हिशेबात ही ऊर्जा साडेतेरा कोटी ज्यूलच्या घरात जाते. तेवढ्यात सुमारे साडेचारशे लिटर पाणी उकळीला यावं. वेग वाढू द्यायचा नसेल तर ही उष्णता कुठेतरी जायला हवी. खालचा गिअर आणि एक्झॉस्ट ब्रेक वापरला तर तिचा मोठा भाग इंजिन गिळतं. न्यूट्रलमध्ये किंवा इंजिन बंद करून उतरलं तर ती जवळजवळ सगळी ड्रम आणि लायनरच्या वाट्याला येते. तापलेला ड्रम प्रसरण पावून लायनरपासून लांब जातो, तापलेल्या लायनरची पकड घटते, आणि लायनर-ड्रममधलं अंतर राखणारा स्लॅक ॲडजस्टर आधीच ढिला असेल तर चेंबरचा दांडा आपली पूर्ण चाल संपवूनही लायनर ड्रमवर घट्ट बसत नाही. स्प्रिंग सुटली तरी ती याच तापलेल्या लायनरला दाबणार, हेही लक्षात घ्यायला हवं. शिवाय इंजिन बंद म्हणजे हवा भरणारा काँप्रेसरही बंद. नवले पुलाच्या उतारावर वाचलेल्या डिझेलची किंमत या एका वाक्यात मांडता येते.

त्याच बोरघाटातून १८६३ पासून रेल्वेही उतरते. ३७ ला १ असा तिथला चढ. रेल्वेने या उताराबाबत चालकाच्या शहाणपणावर कधी भरवसा ठेवला नाही. घाट उतरण्याआधी गाडी थांबवून ब्रेकची चाचणी घ्यायची, उतरताना वेग बांधलेला, आणि तरीही गाडी सुटलीच तर तिला चढावर वळवून थोपवण्यासाठी कॅच सायडिंग, अशी तीन कुंपणं. ब्रेक फेल होणारच नाही असं रेल्वे मानत नाही. तो झाला तर काय, याचं उत्तर मात्र तिने आधीच लिहून ठेवलं आहे. बाजूच्या रस्त्यावर तोच डोंगर, त्याहून कितीतरी पट गाड्या, आणि सगळा भार रात्रभर जागलेल्या एका माणसाच्या उजव्या पायावर. रस्त्याच्या वाहतुकीत रेल्वेइतकी शिस्त शक्य नाही हे कबूल. पण ब्रेक ही व्यवस्थेची जबाबदारी मानायची की व्यक्तीची, एवढा निवड करण्याचा मुद्दा तरी या दोन शेजाऱ्यांकडे बघून स्पष्ट होतो.

यावर आक्षेप येतील, आणि ते हलके नाहीत. पहिला असा की काही बिघाड खरोखरच अचानक होतात: रबरी नळी फुटते, गंजलेला पाइप दाबाखाली चिरतो, बनावट पॅडचा थर पत्र्यापासून सुटून पडतो. खरं आहे. पण अचानक फुटलेली नळी त्याआधी फुगलेली, भेगाळलेली असते, आणि मागच्या ॲक्सलवरून जाणारा पाइप आतून-बाहेरून गंजायला काही पावसाळे घेतो. फुटणं क्षणाचं, झिजणं वर्षांचं. शिवाय आजच्या मोटारींत मास्टर सिलिंडर दुहेरी असतो; दोन स्वतंत्र वाटांनी दाब जातो, जेणेकरून एक फुटली तरी दोन चाकं तरी ब्रेक धरतील, आणि याखेरीज हँडब्रेक वेगळाच. म्हणजे चारही चाकांचा ब्रेक एका झटक्यात जायचा तर बहुधा एक दोष आधीपासून मुक्कामाला असावा लागतो. बनावट भागांचा मुद्दा मात्र मी मान्य करतो. लायनरच्या दुकानात उभ्या राहिलेल्या रिक्षावाल्याला अस्सल आणि नकली डब्यातला फरक छपाईवरून कळणार नाही, आणि ती जबाबदारी त्याच्यावर टाकणं अन्यायाचं आहे. तिथे बाजारावर नजर ठेवणाऱ्या यंत्रणेलाच उत्तर द्यावं लागेल.

दुसरा आक्षेप पैशाचा. दिवसाच्या कमाईवर जगणाऱ्याला वेळेवर पॅड-लायनर परवडत नाहीत, असं म्हटलं जातं. पण ब्रेकचा खर्च टाळता येत नाही, फक्त पुढे ढकलता येतो, आणि ढकलला की फुगतो: पॅडच्या जागी डिस्क, वॉशरच्या किटच्या जागी अख्खा सिलिंडर. गरिबीचा युक्तिवाद देखभालीच्या बाजूनेच जास्त जोरात लागू पडतो. खरी अडचण वेगळी आहे. ज्याचा पाय पेडलवर आहे तो बहुतेक वेळा गाडीचा मालक नसतो. रिक्षा पाळीवर चालते, डंपर कंत्राटदाराचा, कचरागाडी ठेक्याची. बेस्टच्या भाडेतत्त्वावरच्या बसचं तिकीट बेस्टचं, बस आणि तिची देखभाल कंत्राटदाराची, आणि चालकही त्याचाच. पेडल मऊ लागतं आहे हे चालकाला कळतं. गाडी उभी ठेवायचा अधिकार मात्र दुसऱ्याकडे, आणि गाडी उभी राहिली तर रोजगार बुडतो तो पहिल्याचाच. ज्याला ऐकू येतं त्याने बोललं तर तोटा, अशी ही रचना. तिच्यात कितीही शिबिरं घेतली तरी ब्रेकची तक्रार वहीत उतरणार नाही.

तिसरा आक्षेप जाणकारांचा: अपघात ब्रेकमुळे कमी, वेगामुळे आणि चालकामुळे जास्त होतात, कुर्ल्याचंच उदाहरण घ्या. यात तथ्य आहे, पण तो आक्षेप माझ्या म्हणण्याला बळच देतो. कुर्ल्याच्या बसचे ब्रेक ठीक होते ही गोष्ट तपासणीमुळे कळली. तपासणी झाली नसती, किंवा ‘ब्रेक फेल’वर सगळे थांबले असते, तर क्लच-गिअरच्या बसवर हात बसलेल्या चालकाला स्वयंचलित, विजेच्या बसवर किती दिवसांत बसवायचं, हा प्रश्न विचारलाच गेला नसता. वेगाचंही तसंच. ताशी ४० ऐवजी ८० ने जाणाऱ्या गाडीला थांबवायला ब्रेकला चौपट ऊर्जा गिळावी लागते. जो ब्रेक ४० ला निर्दोष वाटतो तोच ८० ला अपुरा पडतो, आणि मग दोष त्याच्या नावावर लागतो. चौथाही एक सूर असतो, की नव्या गाड्यांत संवेदक आहेत, एबीएस आहे, गाडीच सगळं सांगते. एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या दुचाकींना एबीएस आणि त्याखालच्यांना दोन्ही ब्रेक एकत्र लावणारी यंत्रणा सक्तीची झाली, हे चांगलंच झालं. पण एबीएस चाक अडकू देत नाही, इतकंच त्याचं काम. संपलेल्या पॅडला तो पकड देऊ शकत नाही, आणि पाणी मुरलेल्या ऑइलचा उत्कलनबिंदू कोणताही दिवा सांगत नाही.

मग राज्याची नजर कुठे आहे? व्यावसायिक वाहनाला पहिली आठ वर्षं दर दोन वर्षांनी आणि पुढे दरवर्षी योग्यता प्रमाणपत्र घ्यावं लागतं. तपासणी माणसाच्या डोळ्यांऐवजी यंत्राने व्हावी, रोलरवर प्रत्येक चाकाची पकड मोजली जावी, यासाठी स्वयंचलित चाचणी केंद्रांचे नियम केंद्राने २०२१ मध्ये आणले. दिशा बरोबर आहे, जरी वर्षातून एकदा मोजलेला ब्रेक उरलेल्या ३६४ दिवसांची हमी देत नाही. खासगी मोटार आणि दुचाकीचं चित्र मात्र चकित करणारं आहे. त्यांची नोंदणी पंधरा वर्षांची, आणि त्या पंधरा वर्षांत त्यांचा ब्रेक सरकारी निरीक्षकाने एकदाही बघावा असं बंधन नाही. धूर मात्र पहिल्या वर्षानंतर नेमाने तपासला जातो, पीयूसीचं प्रमाणपत्र नसेल तर दंड होतो. ब्रिटनने १९६० साली जुन्या गाड्यांची सक्तीची चाचणी सुरू केली ती ब्रेक, दिवे आणि स्टिअरिंग या तीन गोष्टींपासून. पुढे तीन वर्षांच्या गाडीपासून दरवर्षी ती लागू झाली. जर्मनीत नव्या गाडीला तीन वर्षांनी आणि मग दर दोन वर्षांनी तपासणीला जावं लागतं. आपल्याकडे अशा चाचणीने आणखी एक खिडकी आणि आणखी एक चिरीमिरी वाढेल, ही भीती रास्त आहे. पण त्या भीतीचं उत्तर यंत्राने मोजलेला आणि जाहीर होणारा आकडा हे आहे. न मोजणं हे उत्तर होऊ शकत नाही.

ब्रेकच्या या गोष्टीत एक बाजू नेहमी गाळली जाते, ती कामगाराची. याच लालबहादूर शास्त्री मार्गावर घाटकोपरला हिंदुस्थान फेरोडोचा कारखाना होता. देशभरच्या गाड्यांची लायनर तिथे ॲस्बेस्टॉसपासून बनत. मुंबईतल्या ॲस्बेस्टॉसच्या एका कारखान्यातल्या कामगारांची पाहणी २००५ मध्ये वैद्यकीय नियतकालिकात छापून आली, तिच्यात तपासलेल्यांपैकी जवळपास पाचांत एकाला फुप्फुसाचा ॲस्बेस्टोसिस आढळला. आता बहुतेक पॅड ॲस्बेस्टॉसविना बनतात. तरी ड्रम उघडून काँप्रेसरच्या हवेने धूळ उडवण्याची गॅरेजमधली सवय तशीच आहे, आणि ती धूळ बऱ्याचदा पंधरा-सोळा वर्षांच्या पोराच्या नाकात जाते. ओल्या फडक्याने पुसायला पैसे लागत नाहीत.

‘ब्रेक फेल’च्या पुढचा प्रश्न कायद्याने कधीच विचारून ठेवला आहे, ही या सगळ्यातली विसरली गेलेली गोष्ट. १९७७ च्या एका मोटार-अपघात खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की यांत्रिक दोषाचं कारण पुढे करणाऱ्या मालकानेच ते सिद्ध करायचं. सगळी वाजवी काळजी घेऊनही दोष लपलेलाच राहिला, हे दाखवायची जबाबदारी त्याची. म्हणजे ‘ब्रेक फेल झाला’ ही सबब न्यायालयात पुरेशी नाही. ती देखभालीच्या कागदांचा हिशेब मागते. मोटार वाहन कायद्याच्या कलम १३६ प्रमाणे अपघातग्रस्त गाडीची तपासणी परिवहन विभागाचा अधिकारी करू शकतो. निष्कर्ष खटल्याच्या फाइलीत जातो. तिथून तो गॅरेजवाल्यापर्यंत, वाहतूक कंत्राटदारापर्यंत, रस्ता बांधणाऱ्या अभियंत्यापर्यंत पोचण्याची वाट नाही. त्यामुळे नवले पुलाने जे शिकवलं ते पुढच्या घाटातल्या चालकाला नव्याने, स्वतःच्या किमतीवर शिकावं लागतं.

म्हणून परिवहन विभागाकडे मागणी एकच, आणि तिला नवा कायदा लागत नाही. ज्या जीवघेण्या अपघातात ब्रेकचं नाव घेतलं गेलं, त्याचा तपासणी अहवाल ठरावीक मुदतीत जाहीर करावा. माणसांची नावं झाकावीत, भागाचं नाव झाकू नये: नळी की वॉशर, लायनर की ॲडजस्टर, ऑइल की चालवण्याची पद्धत, आणि तो भाग शेवटचा कधी तपासला होता. तोवर वाचकांनी पावसाळ्याआधी गाडी गॅरेजात टाकताना दोन गोष्टी मागून घ्याव्यात: काढलेले जुने पॅड हातात, आणि ब्रेक ऑइल बदलल्याची तारीख बिलावर.